मूझॉनांच्या झुडपाखालची वीट

व्हर्डेल गिलियार्ड त्या शनिवारी रानात गेली ती फुलं बघायला नव्हे. तिला झुडपांचं बूड बघायचं होतं.

मार्चचा शेवटचा शनिवार होता. न्यू बेथानी चर्चच्या मागून ओढ्यापर्यंत उतरत गेलेलं मिस झेनोबिया फ्लड यांचं रान वर्षातून दोनच शनिवार सगळ्यांना खुलं असतं, आणि त्या दोन दिवशी गावात दुसरं काही ठरवायची कुणाची छाती होत नाही. लग्न नाही, लिलाव नाही, बेसबॉलचा सामनासुद्धा नाही. उंच पाइनच्या सावलीत अझेलियाची एक्केचाळीस झुडपं आहेत, काही माणसाच्या दुप्पट उंच. एक्केचाळीस घराण्यांची एक्केचाळीस. विग्फॉलांचं पांढरं, पिंकनींचं शेंदरी, गिलियार्डांचं गडद लाल, आणि मूझॉनांचं फिकट गुलाबी, पाकळीच्या घशात ठिपके असलेलं. मिस झेनोबियांची आजी नदीपलीकडच्या मोठ्या बंगल्याच्या बागेत राबायची. तिथं छाटून टाकलेल्या फांद्या एप्रनखाली लपवून आणायची आणि इथं रुजवायची. कॅरोलायनाच्या या कोपऱ्यात ही गोष्ट शाळकरी पोरालाही पाठ आहे.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. गावात कुणी गेलं की दफनाच्या दिवशी मिस झेनोबिया गोणपाटात मुळं बांधलेलं हातभर रोप घेऊन येतात. गेलेल्या माणसाच्या घराण्याच्या झुडपाचंच. बाई लग्न होऊन दुसऱ्या घरात गेलेली असली तरी रोप माहेरच्या झुडपाचं. ते उशाशी लावायचं. रोपाबद्दल आभार मानले तर ते जगत नाही, म्हणून कुणी आभार मानत नाही. आणि आभार मानायचे नसल्यामुळे कुणी काही विचारतही नाही.

व्हर्डेलनंही त्रेसष्ट वर्षांत विचारलं नव्हतं. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती. कोणत्या थांब्यावर किती मिनिटं लागतात ते तिला झोपेत सांगता येई. दोन वर्षांपूर्वी तिनं सहज म्हणून अंगणातल्या झुडपाचं दाब कलम करून पाहिलं. खालची फांदी वाकवली, साल खरवडली, मातीत दाबली, वर वीट ठेवली. पहिल्या वसंतात उचलून बघितलं तर केसांसारखे चार धागे. या मार्चमध्ये कुठे मुठीएवढा मुळांचा गड्डा तयार झाला. दोन वर्षं. ती नळाखाली हात धूत होती आणि तिला लूथरचं रोप आठवलं.

लूथर, तिचा नवरा, काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी गेला होता. ओल्या रस्त्यावर ओंडक्यांचा ट्रक घसरला. वय चोपन्न, एक दिवस आजारी नाही. मंगळवारी दफन होतं, आणि मंगळवारी मिस झेनोबियांच्या हातात रोप होतं. मुळं दोन मुठींएवढी.

तिनं नळ बंद केला आणि स्वतःला समजावलं. म्हातारी प्रत्येक झुडपाला दरवर्षी दोन-चार कलमं दाबून ठेवत असणार. शहाणं माणूस असंच करेल. घरात पीठ संपल्यावर का कुणी गहू पेरायला जातं? तिला फक्त बघायचं होतं, की म्हातारी अशी किती कलमं ठेवते.

"फुलं बघायला चाललीस की कुणाची फरशी पुसायला?" निघताना तिची जुनी पँट बघून ओथा म्हणाला होता.

ओथा तिचा धाकटा भाऊ, चार वर्षांनी लहान. बाल्टिमोरच्या गोदीत क्रेन चालवण्यात त्याची उमर गेली. गेल्या एप्रिलमध्ये अचानक पेन्शन घेऊन, दोन बॅगा आणि एक टीव्ही गाडीत टाकून तो आईवडलांच्या घरी, म्हणजे तिच्याकडे, राहायला आला. कंटाळा आला, एवढंच कारण त्यानं दिलं होतं. तिनं खोदून विचारलं नाही. घरात दुसऱ्या माणसाचा खोकला ऐकू येतो, हेच तिला पुरे होतं.

मैदानात गाडी लावून ओथा, जिथं मासे तळले जात होते, त्या टेबलांकडे वळला. ती रानात शिरली.

या झुडपांना वास नसतो. एवढा रंग, आणि नाकाला काहीच नाही. एखाद्या घरात शिरावं, सगळे दिवे लावलेले असावेत आणि माणूस एकही नसावा, तसं पहिली दहा मिनिटं वाटतं. मग सवय होते. माणसं हळू बोलत, वर बघत चालली होती. अझेलिया फुललेल्या असताना खाली कोण बघतं? खाली पाइनच्या सुयांचा तपकिरी थर होता, आणि त्यावर पडलेली अख्खी फुलं, तोंड वर करून.

तिनं गिलियार्डांच्या झुडपापासून सुरुवात केली. गुडघे टेकले, फांद्या बाजूला केल्या, हातानं सुया सारल्या. काही नव्हतं. वीट नाही, विटेचा चौकोनी ठसाही नाही. झुडपाला वळसा घालून तिनं चारी बाजू तपासल्या. एकही कलम दाबलेलं नव्हतं.

फ्लडांच्या झुडपाखाली काही नाही. ग्रीनच्या, मॅनिगोच्या, सिंगल्टनच्या झुडपांखाली काही नाही.

पिंकनींच्या झुडपाखाली एक वीट होती. हातानं पाडलेली, काळपट लाल, कोपरे झिजलेली. असली वीट आता कुठल्या भट्टीत मिळत नाही. तिच्याखाली फांदी कोपरासारखी वाकून मातीत गेली होती आणि पलीकडे हातभर शेंडा सरळ वर आला होता. तिनं शेंडा धरून हलकेच ओढला. हलला नाही. मुळांनी माती धरली होती. पिंकनींचे आजोबा नाताळापासून ऑक्सिजनवर होते.

इथवर तिला काही वाटलं नाही. पण पुढची चौदा झुडपं रिकामी निघाली, तशी तिची चाल मंदावली. म्हणजे म्हातारी सगळ्याच झुडपांची कलमं दाबून ठेवत नव्हती.

विग्फॉलांच्या पांढऱ्या झुडपासमोर ब्रिएल विग्फॉल चार महिन्यांचं बाळ घेऊन उभी होती. पिवळा झगा, बाळाला पिवळी टोपी.

"मिस व्हर्डेल! बरं झालं भेटलात. आमचा एक फोटो काढता? माझा नवरा काढतो तेव्हा माझं डोकं कापतो." मग तिचं लक्ष गेलं. "अय्या, तुमचे गुडघे! काही हरवलं का?"

"चष्मा."

"चष्मा डोळ्यावर आहे तुमच्या!" ब्रिएल इतकी हसली की बाळही हसायला लागलं.

व्हर्डेलनं फोन हातात घेतला. ब्रिएलच्या टाचेमागे, पांढऱ्या फुलांच्या सड्यात, विटेचा कोपरा दिसत होता. विग्फॉलांकडे माणसं नऊ होती, हे बाळ धरून. या घरात कुणी आजारी नव्हतं.

"जरा डावीकडे सरक," ती म्हणाली. "अजून. हां. आता हस."

एकोणचाळीस झुडपं संपली तेव्हा तीन विटा झाल्या होत्या. पिंकनी, विग्फॉल, ब्रॉटन. चाळिसावं झुडूपही रिकामं निघालं. मूझॉनांचं, म्हणजे तिच्या माहेरचं, तिनं शेवटी ठेवलं होतं. कुणी विचारलं असतं तर वाटेत ते शेवटी येतं, असं ती म्हणाली असती. वाटेत ते सातवं येत होतं.

फिकट गुलाबी फुलांनी फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. आत शिरायला तिला जवळजवळ आडवं व्हावं लागलं. आत उजेड गुलाबी होता आणि बाहेरचे आवाज एकदम लांब गेले. वीट ओढ्याच्या बाजूला होती. शेंडा हातभर, पानं टवटवीत, टोकाला तीन कळ्या. तिनं तो ओढला. पुन्हा ओढला.

रुजला होता.

मूझॉन म्हणून आता गावात दोघंच उरली होती. आत्या, चुलते सगळे टेकडीवरच्या दफनभूमीत. ओथाला मूल नाही, तिलाही नाही. एक वीट आणि दोन माणसं.

मिस झेनोबिया ओढ्याकाठच्या अवजारांच्या खोपटापाशी झारी भरत होत्या. वय एक्याऐंशी, डोक्यावर गवती टोपी, पायात नवऱ्याचे रबरी बूट. मिस हे इथं वयाच्या मानाचं, लग्न झालेल्या बाईलाही लावतात.

"मिस झेनोबिया," व्हर्डेल म्हणाली, "विटा कमी दिसल्या यंदा."

"मोजल्यास?"

"चार."

"हं. मलाही चारच दिसल्या."

"दिसल्या म्हणजे? तुम्हीच ठेवता ना?"

म्हातारीनं नळ बंद केला. "बाई, माझ्या गुडघ्यात खिळे आहेत. फांदी वाकवायची, साल खरवडायची, मातीत दाबायची, म्हणजे जमिनीवर लोळायला पाहिजे. मी लोळले तर मला उचलायला आगीचा बंब बोलवावा लागेल."

"मग कोण ठेवतं?"

"जानेवारीत मी सुया बाजूला करते. असल्या तर असतात. आजीच्या वेळी असायच्या, आईच्या वेळी असायच्या. मला कामं दोनच लावून दिलीत. पाणी घालायचं, आणि वेळ आली की मुळं न दुखवता उचलायचं."

एखाद्या बसचा मार्ग सांगावा तसं म्हातारी सांगत होती.

"लूथरच्या वेळी," व्हर्डेल म्हणाली, "तुम्हाला दोन वर्षं आधी ठाऊक होतं."

"गिलियार्ड तेव्हा अकरा होते. अकरांपैकी कोण, ते मला ठाऊक नव्हतं. अकराही जणांना दर रविवारी बघत होते मी. तुझा लूथर माझ्या पुढच्या बाकावर बसून बेसूर गायचा. मजा वाटायची का मला?"

"मग वीट काढून टाकायची!"

"माझ्या नवऱ्यानं टाकली होती." म्हातारीनं झारी खाली ठेवली. "आमच्या झुडपाखालची. पोरगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. नवऱ्यानं वीट ओढ्यात भिरकावली, फांदी कापून जाळली. मला म्हणाला, संपलं."

"आणि?"

"आणि काय. नोव्हेंबरात पोराच्या उशाशी दुकानातली प्लास्टिकची फुलं लावली आम्ही. अजून आहेत. रंग उडालाय, पण मरत नाहीत." त्यांनी झारी पुन्हा उचलली. "तेव्हापासून मी पाणी घालते. नेमकं तेव्हा हातात काही नसणं, त्यापेक्षा हे बरं."

"आमच्या झुडपाखाली आहे एक."

"ठाऊक आहे मला."

"माझी की ओथाची?"

"वीट नाव सांगत नाही, व्हर्डेल."

"कधी?"

"रुजलंय का?"

"रुजलंय."

"मग थंडी पडायच्या आत. रुजलेलं कलम पुढच्या हिवाळ्यात इथं राहिलंय, असं मी तरी पाहिलं नाही."

टेबलांकडे जाताना व्हर्डेल मनाशी हिशेब मांडत होती, आणि तो कुठूनही मांडला तरी दोनच उत्तरं येत होती. तिला रोप आपलं हवं होतं. वय तिचं जास्त, रक्तदाब तिला. लूथरच्या वेळी चर्चमध्ये ती घरच्यांसाठी राखलेल्या पुढच्या बाकावर बसली होती, आईच्या वेळी बसली होती. त्या बाकावर आणखी एकदा, या वेळी एकटीनं, बसायची तिच्यात ताकद नव्हती. पण आपण सुटायचं म्हणजे ओथाला त्या बाकावर बसवायचं, हेही तिला कळत होतं. एक गोष्ट तिनं नक्की केली. ओथाला सांगायचं नाही.

ओथा कागदी थाळीसमोर बसला होता. थाळीत माशाचे काटे होते आणि लाल भाताची चार शितं.

"होतीस कुठे? तुझा मासा गार झाला, म्हणून मी खाल्ला."

"बरं केलंस."

त्यानं मान वर केली. बरं केलंस? माशावरून त्यांच्या घरात लहानपणापासून मारामाऱ्या झाल्या होत्या. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून गुडघ्यांवर गेली, तिथल्या ओल्या मातीवर, मग केसांत अडकलेल्या फिकट गुलाबी पाकळीवर. त्यानं हातातला काटाचमचा खाली ठेवला.

"व्हर्डी," तो म्हणाला, "आपल्या झुडपाखाली कशाला गेली होतीस?"

"सहज."

"ओढ्याच्या बाजूनं गेलीस?"

तिचा हात केसांतल्या पाकळीकडे गेला, आणि त्याला उत्तर मिळालं.

"गेल्या वर्षी सुट्टीवर आलो होतो ना," तो म्हणाला. "तिथं माझ्या बुटाची नाडी सुटली. वाकलो तर वीट. माती ओली होती, साल खरवडलेली."

"तुला काय ठाऊक, वीट म्हणजे काय ते?"

"मी नऊ वर्षांचा असताना आपल्या झुडपाखाली एक पाहिली होती. आजोबांना दाखवली. त्यांनी माझं तोंड दुसरीकडे फिरवलं. म्हणाले, ही बघायची नसते. पुढच्या वर्षी बाबा गेले." त्यानं पेला उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला. "मला वाटलं, या वेळी तुझी आहे."

व्हर्डेल बाकावर टेकली. गेल्या वर्षभरातल्या सगळ्या कटकटी तिच्यासमोर ओळीनं उभ्या राहिल्या. आल्या आल्या त्यानं घरात धूर झाला की वाजणारी सात यंत्रं लावली होती. शिडी तोडून जाळली होती. दर महिन्याला गाडीचे ब्रेक तपासून घ्यायचा. रोज पहाटे तिच्या दाराशी पावलं यायची, थांबायची, आणि ती कूस बदलली की निघून जायची. तिला वाटायचं, म्हातारपणात याला झोप येत नाही.

"म्हणून आलास तू बाल्टिमोरहून?"

"मग काय इथल्या नाटक-सिनेमांसाठी आलो?"

"अरे, पण माझीच कशावरून?"

"तू मोठी. तुला रक्तदाब. आणि मीठ! कलिंगडावर मीठ घालतेस तू."

"आणि तू? रोज एक पाकीट ओढतोस. तुझ्या छातीतून चहाच्या किटलीसारखा आवाज येतो."

"माझ्या छातीचं तू नाव घेऊ नकोस. डॉक्टर म्हणाला, घोड्याची छाती आहे."

"मेलेल्या घोड्याची!"

पलीकडच्या टेबलावरच्या बायकांनी वळून पाहिलं, मग हसल्या. मूझॉनांची भावंडं पुन्हा मासे वाटून घेतायत, एवढंच त्यांना दिसलं असणार.

"चल," ओथा उठत म्हणाला. "मला एकदा नीट बघायचंय."

रानातली गर्दी आता ओसरत आली होती. चार वाजले होते आणि उन्हं तिरपी होऊन पाइनच्या खोडांमधून येत होती. दोघं मूझॉनांच्या झुडपाखाली शिरली, ती पुढे, तो मागे, लहानपणी शिरायची तशी. वर मधमाश्यांचा एकसारखा आवाज होता.

"वीट हलवू नकोस," ती म्हणाली.

"हलवत नाही. मुळं कुठवर गेलीत तेवढं बघतो."

"रुजलंय रे. मी ओढून पाहिलं."

"ओढून पाहिलंस? अशा गोष्टी ओढून बघतात का?"

"तू नाही वर्षभर मला ओढून बघितलंस?"

गोदीत काम केलेली त्याची जाड बोटं विटेच्या कडेनं सुया आणि माती हळूहळू सारत होती. फांदी विटेखालून बाहेर आली, दोन बोटं पुढे गेली. मग त्याचा हात थांबला.

"व्हर्डी, इथं फाटा आहे."

फांदी तिथंच, मातीत, दुभंगली होती. एक शेंडा तोच, हातभर, तीन कळ्यांचा. दुसरा फाटा मातीतून उलट्या बाजूला गेला होता आणि वीतभर अंतरावर, सुयांच्या जाड थराखाली, वर आला होता. चिमुकला, फिका, सहा पानांचा. उजेड न मिळाल्यामुळे तो मागे राहिला असावा. कुणी नीट शोधल्याशिवाय दिसलाच नसता.

"ओढ," ओथा म्हणाला.

तिनं दोन बोटांत धरून ओढला. त्याचीही मुळं वेगळी होती. त्यांनी माती धरली होती.

वीट एकच होती. कलमं दोन होती.

व्हर्डेल पुढच्या बाकावर बसणार नव्हती. ओथाही बसणार नव्हता, बसला तरी फार दिवस नाही. तिला बरं वाटलं, अगदी स्पष्ट बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर मात्र तिनं शेंडा चटकन सोडला. गुलाबी उजेडात तिनं भावाकडे पाहिलं. त्याच्याही चेहऱ्यावर तेच होतं. तो ते लपवायला बघत होता आणि त्याला जमत नव्हतं.

"मग पुढच्या बाकावर कोण बसणार?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही."

"चला, लोकांना ऐसपैस जागा होईल."

बाहेर रबरी बुटांचा आवाज आला. फांद्या बाजूला झाल्या आणि मिस झेनोबिया झारी घेऊन वाकल्या. दोघांना गुडघ्यांवर बसलेलं बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी उघडी पडलेली माती पाहिली. मग दुसरा शेंडा पाहिला आणि चष्मा सारखा करून पुन्हा पाहिला.

"दोन?"

"दोन," व्हर्डेल म्हणाली.

"मला एकच दिसलं होतं. डोळे गेले माझे." त्यांनी झारी दुसऱ्या हातात घेतली. "बरं झालं, आत्ताच कळलं. गोणपाट दोन लागतील."

कुणी आभार मानले नाहीत.

"माती परत सारा त्याच्यावर," म्हातारी म्हणाली. "मुळांना वारा लागू देऊ नका. आणि सरका जरा, पाणी घालायचंय. आठवडा कोरडा आहे."

ओथानं माती सारखी केली, तळव्यानं थोपटली. दोघं बाहेर आली. मागे पाणी पडत होतं. आधी एका बाजूला, मग थोडं थांबून दुसऱ्या बाजूला, तितकंच.

मैदानात सात-आठ गाड्या उरल्या होत्या, सगळ्यांवर पाइनचा पिवळा पराग बसलेला. रस्ता इथून उताराला लागतो, ओढ्यावरचा अरुंद पूल ओलांडतो, मग हमरस्त्याला मिळतो. हमरस्त्यावरून ओंडक्यांचे ट्रक जात होते. शनिवारीही जातात.

ओथानं सवयीनं तिच्या बाजूचं दार उघडून धरलं.

"बस."

ती बसली नाही.

"तू आधी," ती म्हणाली.

"बाईमाणसाच्या आधी मी बसू? आई टेकडीवरून उतरून माझा कान उपटेल."

"ओथा, मी तुझ्या आधी बसणार नाही."

तो काहीतरी थट्टेचं बोलणार होता. तोंड उघडलंही. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. दार तसंच उघडं ठेवून तो गाडीला वळसा घालून आपल्या बाजूला गेला. तिथलं दार उघडलं. पिवळ्या टपावरून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तीन म्हटलं की," तो म्हणाला.

"तीनवर, की तीन झाल्यावर?"

"तीनवर. एकदम."

"मोज."

त्यानं मोजलं. दोघं बसली. दारं लागली, जवळजवळ एकाच वेळी. कुणाचं आधी लागलं ते दोघांनीही ऐकलं. ओथानं किल्ली फिरवली.